घाटमाथ्यावरची वीज

चौकहून खोपोलीकडे निघाले की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. पावसाळ्यात मुंबईकर ती पाहायला गर्दी करतात. मुंबईच्या गिरण्यांसाठी मात्र तिची उंची शतकापूर्वीच हिशेबात धरली गेली होती.

१९११ मध्ये लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत योजनेची पायाभरणी झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी ५०० मीटरहून अधिक खाली खोपोलीत उतरवून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली. पूर्वेला भीमेकडे जाणारी आंध्र नदीही ठोकरवाडीला अडवून पश्चिमेकडे वळवण्यात आली. त्या पाण्यावर १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले. जवळच मुळशी खोऱ्यात १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट तुरुंगात गेले, पण जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या गेल्या आणि धरण झालेच.

सुमारे नऊ दशकांनी याच आंध्र तलावाच्या परिसरात, पुणे जिल्ह्याच्या हद्दीतील घाटमाथ्यावर पवनचक्क्या आल्या. कोकणातून येणारा मोसमी वारा कड्याला थडकून वर चढतो आणि माथ्यावर जोर धरतो, म्हणून ही जागा. एनरकॉन कंपनीच्या सुमारे ११३ मेगावॅटच्या या प्रकल्पासाठी सुमारे १९४ हेक्टर वनजमीन देण्यात आली. भीमाशंकरचे अभयारण्य, म्हणजे शेकरूचे घर, तेथून जवळच आहे.

पवनचक्की गाव बुडवत नाही, धूर सोडत नाही. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेतील प्रकल्पांच्या यादीतही तिचे नाव नव्हते. परंतु अजस्र पाती आणि मनोरे माथ्यावर चढवायचे तर रुंद रस्ता लागतो, आणि तो डोंगर कापूनच होतो. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात नेमके यावर बोट ठेवले. स्थानिक वनक्षेत्रपालाने येथील सदाहरित जंगलाचा दाखला देऊन प्रतिकूल मत दिले होते, ते वरिष्ठांनी डावलले. रस्त्यांच्या कामाने दरडी कोसळल्या, राडारोडा शेतांत आणि जलाशयांत गेला. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांचे वनहक्क नोंदले नाहीत, उलट त्यांना डोंगरावर फिरण्यास अटकाव झाला, असे समितीने नोंदवले.

मला या दोन काळांतील साम्यापेक्षा फरक अधिक विचार करायला लावतो. मुळशीच्या शेतकऱ्याकडे सातबारा तरी होता. सरकारला त्याची जमीन घेताना त्याला नोटीस द्यावी लागली. घाटमाथ्यावर मालक वनखाते. तेथे गुरे चारणाऱ्याचे, हिरडा वेचणाऱ्याचे नाव कागदावर नसेल, तर त्याच्या संमतीचा प्रश्नच निघत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही उणीव भरून काढायची होती. प्रकल्प आला तेव्हा कायदा होता. नोंद झाली नव्हती.

हा हिशेब अजून संपलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य शासनाशी भिवपुरी येथे १,००० आणि शिरवता येथे १,८०० मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार केला. ऊन आणि वारा यांची वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, गरज पडेल तेव्हा खाली सोडायचे. कोळसा कमी करायचा तर अशी साठवण लागेलच. म्हणूनच माथ्यावरच्या आणि पायथ्याच्या वाड्यांचे हक्क मोजणीचे खांब रोवण्याआधी ग्रामसभेत लिहून व्हावेत. मुळशीला शंभर वर्षे उलटून गेल्यावर एवढे मागणे जास्त नाही.