शंभर वॅटचा आवाज

परवा दौंडच्या फलाटावर आम्ही तिघे जुने सहकारी भेटलो. चहाबरोबर विद्यार्थीदशेतल्या गोष्टी निघाल्या: पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, १०७.४ मेगाहर्ट्‌झ!

विद्यार्थ्यांच्या हाती माईक आला, तो सहजासहजी नव्हे. १९४२ साली २२ वर्षांच्या उषा मेहता यांनी शिक्षण सोडून मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. २७ ऑगस्टला उमटलेला तो आवाज पोलिसांनी १२ नोव्हेंबरला बंद पाडला. पुढे उषाबाई येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. शिरूरची माझी एस.टी. त्याच येरवड्यावरून जाई. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता ठरवली आणि २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना परवान्याची वाट खुली झाली. मात्र अशा केंद्रांना शक्ती शंभर वॅटची, पल्ला जेमतेम दहाएक किलोमीटरचा.

शिरूर तर साठाच्या पलीकडे! घोडनदीकाठी आई रेडिओ कानाशी धरी आणि नुसती खरखर ऐके. दौंडच्या मित्राच्या घरीही तीच कथा. सुट्टीत गेलो की कार्यक्रमाचे कागद मी तिला मोठ्याने वाचून दाखवीत असे.

“आत्ता कुठं स्टेशन नीट लागलं,” ती म्हणे.