बहिऱ्यांची शाळा आणि मातेची मांडी

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी पूर्वजांच्या सत्कृत्यांचे स्मरण करीत असता एका काहीशा विस्मृत कार्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. ते कार्य म्हणजे बहिऱ्या बालकांचे शिक्षण.

अठराव्या शतकात पॅरिस नगरीत आबे द लेपे नावाचे एक धर्मगुरू होते. ते एका घरी गेले असता तेथे शिवणकाम करीत बसलेल्या दोघी बहिणींनी त्यांच्या बोलण्यास उत्तरच दिले नाही. पुढे आई आली, तेव्हा मुली बहिऱ्या असल्याचे त्यांस कळले. या मुली धर्मज्ञानास मुकतील, या विचाराने फादरांचे अंतःकरण द्रवले आणि ते हातांच्या खुणांनी त्यांस शिकवू लागले. त्यातूनच त्यांची शाळा उभी राहिली. बहिऱ्यास बुद्धी नसते, हा जुना समज तेथे खोटा ठरला.

आपल्या मुंबईत १८८५ साली बिशप लिओ म्यूरिन यांनी मूकबधिरांसाठी शाळा काढली. हिंदुस्थानातील अशा शाळांत ती पहिली मानली जाते.

परंतु शाळेत यावयाचे ते मूल चालते-बोलते होण्याच्या वयाचे. भाषेचे बीज तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच रुजते. बहुतेक बहिऱ्या मुलांच्या जिभेत दोष नसतो. शब्द कानी न पडल्यामुळेच ती मुकी राहतात. म्हणून शाळेच्याही आधी घर जागे व्हावयास हवे. हे ओळखून १९४२ साली लॉस एंजेलिस येथे लुईझ ट्रेसी या मातेने, जिचा स्वतःचा मुलगा बहिरा होता, आईबापांनाच शिकविणारी संस्था स्थापिली. दूरच्या आईबापांस पत्रांतून धडे मिळू लागले. पुढे १९९८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथील अभ्यासाने दाखविले की, ज्यांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखले गेले, त्या मुलांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्यांहून सरस ठरली.

आमच्याकडे २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून, व्यंग वा वाढीतील विलंब आढळल्यास त्यांस जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावयाचे, अशी ही योजना आहे. नवजात अर्भकाच्या कानांची तपासणी काही मिनिटांत, मुळीच न दुखविता होते.

तथापि आमच्या घरांतून अद्यापि ऐकू येते, “याचा बापही उशिराच बोलला होता.” या एका वाक्यापायी वर्षामागून वर्ष निघून जाते आणि अखेरीस सारा दोष सुनेच्या माथी येतो. वाचकहो, हे आपण थांबविले पाहिजे. टाळी वाजली तरी बाळ दचकत नसेल, हाकेला मान वळवीत नसेल, तर त्यास तत्काळ तपासणीस न्यावे. पण दचकले म्हणूनही शंका दाबून ठेवू नये. यंत्र कानी बसो वा खुणांची भाषा शिकावी लागो, न्हाऊ घालताना, भरविताना मुलाच्या नजरेस नजर देऊन त्याच्याशी बोलत राहणारी आई हीच त्याची पहिली शिक्षिका होय. तिच्या पाठीशी सासू, शेजारीण आणि सारे धर्मग्राम उभे राहो, हीच या ज्युबिलीनिमित्त आमची प्रभुचरणी प्रार्थना.