क्ष-किरणांची पाटी

क्ष-किरणांचा इतिहास सांगताना आपण किरणांचे कौतुक करतो. ते ज्या पाटीवर टिपले जातात, तिची आठवण ठेवीत नाही. वस्तुतः रोग्याच्या अंगावर किती किरण सोडावे लागतात, हे पुष्कळसे त्या पाटीच्या ग्रहणशक्तीवर ठरते. म्हणून आज आम्ही पाटीचीच हकीकत सांगणार आहोत.

१८९५ च्या नोव्हेंबरात वुर्ट्सबुर्ग येथे राँटगेन यांना हे किरण सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीचा हात छायाचित्रणाच्या काचेवर ठेवला; बऱ्याच मिनिटांनी हाडे आणि अंगठी उमटली. पुढल्याच वर्षी एडिसन यांनी कॅल्शियम टंगस्टेटच्या पडद्यावर ही छाया डोळ्यांना दाखविली. त्यांचा सहायक क्लॅरेन्स डॅली नळी पारखण्यासाठी स्वतःचेच हात किरणांत धरी. ते हात तोडावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. एडिसन यांनी हे काम सोडून दिले.

पुढे फिल्मला चकाकत्या पडद्याची जोड मिळाली व मात्रा उतरली. पण क्ष-किरण भिंगाने एकवटत नाहीत. छातीचे चित्र हवे तर पाटीही छातीएवढीच हवी. स्फटिकी सिलिकॉनच्या चकत्या इतक्या मोठ्या कोठून आणाव्यात?

उत्तर मिळाले ते स्कॉटलंडमध्ये. अस्फटिक सिलिकॉन काचेवर हवे तेवढे पसरता येते. त्यात परक्या मूलद्रव्याचा अंश मिसळून त्याची विद्युद्वाहकता बदलता येते, हे स्पिअर आणि लकोंबर यांनी डंडी येथे १९७५ साली दाखविले. मग अमेरिकेत अँटोनुक, स्ट्रीट प्रभृतींनी त्यापासून सपाट पाटी घडविली. हिच्या एका प्रकारात सीझियम आयोडाइड किरणांचा प्रकाश करते, सिलिकॉन प्रकाशाची वीज करते, आणि ओळीमागून ओळ वाचून क्षणात चित्र उभे राहते.

कर्करोगाच्या किरणोपचारात तर या पाटीचे मोल मोठे. गाठ शरीरात आज येथे, उद्या किंचित सरकलेली. जॅफ्री व त्यांचे सहकारी यांनी ही पाटी उपचारयंत्रावरच बसविली, आणि रोगी मेजावर असतानाच गाठीचा ठाव घेण्याची ही रीत २००२ साली विस्ताराने मांडली.

तथापि एक गोष्ट विसरू नये. किरण जास्त झाले की फिल्म काळी पडे व चूक उघड होई. नवी पाटी जास्तीचे किरण मुकाट्याने सोसते आणि चित्र उजळच दाखविते. चुकीची चाहूल देणारा साक्षी गेला; आता मात्रेचा आकडा पाहण्याचे काम आपले. डॅलीच्या हातांनी शिकविलेला धडा पाटी बदलली म्हणून जुना होत नाही.