भाडेकरूचे निष्कासन (महाराष्ट्र)

भाडेकरूचे निष्कासन म्हणजे भाड्याने दिलेल्या जागेचा ताबा कायदेशीर मार्गाने परत मिळवण्याची प्रक्रिया होय. महाराष्ट्रात ती मुख्यतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार चालते. हा अधिनियम ३१ मार्च २००० रोजी अमलात आला. त्यापूर्वी मुंबई, विदर्भ व मराठवाडा या विभागांत वेगवेगळे भाडे कायदे लागू होते.

कारणे

प्रमाणित भाडे व अनुज्ञेय वाढ देणाऱ्या किंवा देण्यास तयार असणाऱ्या भाडेकरूला कलम १५ नुसार संरक्षण आहे. कलम १६ मध्ये ताबा मिळण्याची कारणे दिली आहेत. परवानगीविना पक्के बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची वाजवी व प्रामाणिक गरज आणि दाव्यापूर्वी सलग सहा महिने जागेचा विनाकारण वापर न करणे, ही त्यांतील प्रमुख होत. मालकाच्या गरजेच्या दाव्यात कोणाला अधिक त्रास होईल, याचाही विचार न्यायालय करते.

प्रक्रिया

थकबाकीसाठी लेखी मागणीची नोटीस बजावल्यानंतर ९० दिवस उलटल्याशिवाय दावा दाखल करता येत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, त्यावरील १५ टक्के सरळ व्याज व दाव्याचा खर्च भरल्यास थकबाकीच्या कारणावरून ताबा मिळत नाही. मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात.

निवासी जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार संपल्यावर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तेथे बचाव मांडण्यासाठी परवाना घेणाऱ्यास ३० दिवसांत प्रतिज्ञापत्राद्वारे परवानगी मागावी लागते. मुदतीनंतर जागा न सोडल्यास तो दुप्पट शुल्काइतक्या नुकसानभरपाईस पात्र ठरतो.

विलंबाची व चुकांची कारणे

करार नोंदवलेला नसणे ही मोठी अडचण ठरते. कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची असून, नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटिशीत थकबाकी चुकीची दाखवणे, ती बजावल्याचा पुरावा न ठेवणे, ९० दिवसांपूर्वी दावा करणे किंवा पोटभाडेकरूला पक्षकार न करणे यांमुळेही वाद लांबतो.

पाणी वा वीज तोडणे कलम २९ नुसार प्रतिबंधित आहे. कुलूप लावून बळाने बाहेर काढलेल्या व्यक्तीस विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार सहा महिन्यांत ताब्यासाठी दावा करता येतो. त्यात मालकी हक्काचा बचाव चालत नाही.