वर्गात आलेला धंदेवाईक : थ्रेड 🧵

१/ १९०८ साली हार्वर्ड विद्यापीठाने व्यवसाय-प्रशासनाचे विद्यालय काढले. पण धंदा वर्गात शिकवावा कसा?

२/ १९१२ च्या सुमारास शिकागोचे प्रकाशक आर्च शॉ यांच्या पुढाकाराने नवा प्रयोग झाला. उद्योजक स्वतः वर्गात येऊन आपल्या धंद्यातील खरी अडचण मांडीत. विद्यार्थी अभ्यासून लेखी सल्ला देत; मग तोच उद्योजक परत येऊन त्या सल्ल्याची चिकित्सा करी.

३/ १९२० च्या दशकात छापील ‘केस’ रूढ झाली. कंपनीचा पेच कागदावर आला. तो शेकडो विद्यार्थ्यांना शिकवता येऊ लागला. पण कागद उलट प्रश्न विचारीत नाही.

४/ आजचे विद्यार्थी कंपन्यांसाठी सल्ला-प्रकल्प करतात, तेव्हा तो उद्योजक पुन्हा समोर येऊन बसतो. चुकीच्या सल्ल्याने ज्याचे नुकसान होईल, त्याच्या डोळ्यांत पाहूनच सल्ला देण्याची जबाबदारी उमगते.