घटस्फोट: नवं काय, जुनं काय?

आज विषय जरा नाजूक आहे. कुणाच्या घरी घटस्फोट झाला की आपल्याकडची वडीलधारी माणसं म्हणतात, "आपल्यात असं कधी नव्हतं." हे इतिहासाला धरून आहे का, ते आज तपासू.

"आपल्यात" म्हणजे नक्की कुणात? मी राहतो तो उरला हा रायपूरचा औद्योगिक भाग. इथल्या छत्तीसगढी कामगारांच्या अनेक जातींत 'चूडी'ची प्रथा जुनी आहे. पहिला संसार जमला नाही, तर बाई दुसऱ्याच्या नावाच्या बांगड्या भरते. जातीची बैठक बसते आणि पहिल्या नवऱ्याच्या लग्नखर्चाची भरपाई ठरते. महाराष्ट्रातही ब्राह्मण आणि त्यांच्या चालीने चालणारी घराणी सोडली, तर कितीतरी जातींत काडीमोड होती. पंचांपुढे गवताची काडी मोडायची, सोडचिठ्ठी घ्यायची, की बाई पाट लावायला मोकळी. मराठेशाहीत अशा पुनर्विवाहावर 'पाटदाम' नावाचा करही होता. सरकार ज्यावर कर घेतं, ती गोष्ट काही चोरून होत नसते.

मग हा रस्ता अरुंद कसा झाला? इंग्रजी न्यायालयांचा यात मोठा हात आहे. पोथीतलं शास्त्र त्यांनी रूढीच्या वर बसवलं. नवऱ्याच्या संमतीवाचून बाईला दुसरं लग्न करू देणारी एका जातीची रूढी मुंबई हायकोर्टाने १८६४ मध्ये अमान्य केली. शिवाय बायकोला नांदायला लावण्याचा दावा आपल्याकडे आला, तो मूळचा इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतला.

त्याचा फटका बसला मुंबईच्या रखमाबाईंना. त्या सुतार समाजातल्या. वैधव्यानंतर त्यांच्या आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता आणि जातीत ते चालत होतं. रखमाबाईंचं लग्न मात्र अकराव्या वर्षी लागलेलं. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ मध्ये दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो १८८५ मध्ये फेटाळला, पण अपिलानंतर प्रकरण फिरलं. १८८७ मध्ये हुकूम झाला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. गंमत बघा, खुद्द इंग्लंडने या दाव्यातला तुरुंगवास १८८४ मध्येच काढून टाकला होता! अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी अनेक वर्षं काम केलं.

कायद्याने ही वाट हळूहळू उघडली. सयाजीरावांच्या बडोद्यात १९३१ मध्ये, मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आणि देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. परस्परसंमतीचा घटस्फोट १९७६ मध्ये आला. पण कायदा असून भागत नाही. मुलीच्या हाताला पगार लागतो आणि माहेरचं दार उघडं लागतं. ही दोन्ही आता कुठे मध्यमवर्गात येऊ लागली आहेत. म्हणून आकडा वाढतो.

आता दुसरी बाजू. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित सुमारे साडेतेरा लाख, तर घटस्फोट न घेता वेगळे राहणारे सुमारे पस्तीस लाख निघाले. यांतल्या बायकांना मराठीत शब्द आहे, परित्यक्ता. त्यांचा प्रश्न घेऊन १९८८ मध्ये संगमनेरला परिषद भरली होती.

पलटणीत असताना अशा एका बाईचं पत्र माझ्या टेबलावर आलं होतं. नवरा सुट्टीवर गावी येतो, पण माझ्याकडे येत नाही. पैसे पाठवत नाही, सोडतही नाही. आर्मी ॲक्टमध्ये जवानाच्या पगारातून पोटगी कापायची तरतूद आहे. तो कागद आम्ही पुढे पाठवला आणि पैसे सुरू झाले. पण "सोडतही नाही" यावर माझ्याकडे उपाय नव्हता. गावाच्या हिशेबी तो संसार टिकलेलाच होता.

म्हणून "आपल्यात असं कधी नव्हतं" म्हणण्याआधी आपल्याच घरातली एखादी आत्या, एखादी मावशी आठवून बघा. लग्न झालं होतं, आणि आयुष्य माहेरच्या स्वयंपाकघरात गेलं. तिचा घटस्फोट झाला नव्हता, एवढंच.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.