पीक विम्यातला बोगसपणा : तुमच्या गटावर दुसऱ्याच कुणी विमा काढलाय का? असं तपासा

हिंगोली : पीक विम्याचा अर्ज भरायला सेतूवर गेलं आणि पोर्टलनं सांगितलं, ‘या गटाचं क्षेत्र आधीच विमा उतरवलेलं आहे’, तर समजायचं काय? एक तर घरातल्याच कुणी अर्ज भरला असेल, नाहीतर आपल्या सातबाऱ्यावर दुसऱ्यानं डाव साधलेला आहे. मागच्या काही वर्षांत राज्यात असे प्रकार इतके झाले की शेवटी योजनाच बदलावी लागली.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के, बाकीचा हप्ता केंद्र व राज्य सरकार भरणार, असा हिशोब होता. २०२३ च्या खरिपात राज्य सरकारनं शेतकऱ्याचा हिस्सासुद्धा स्वतः उचलला आणि विमा एक रुपयात आला. २०२२ च्या खरिपात राज्यातून साधारण ९६ लाख अर्ज होते, ते एकदम १ कोटी ७० लाखांवर गेले. त्यातले बरेचसे खरे शेतकरीच होते, आधी हप्ता परवडत नव्हता म्हणून बाहेर राहिलेले. पण ज्याच्याकडं शेतच नाही त्यालाही एक रुपयात डाव खेळायला मिळाला. लागला तर हजारो, नाही लागला तर एक रुपया गेला. सीएससी केंद्राला प्रत्येक अर्जामागं विमा कंपनीकडून ४० रुपये मिळतात. म्हणजे जितके अर्ज तितकी कमाई, मग कागद तपासतो कोण?

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी बीड जिल्ह्यातल्या बोगस विम्याचा विषय लावून धरला. त्यानंतर तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनीही राज्यात चार लाखांच्या वर अर्ज बोगस निघाल्याचं सांगितलं. तपासणीत काय सापडलं? सरकारी जमिनीवर विमा, देवस्थानाच्या आणि मशिदीच्या जमिनीवर विमा, अकृषक प्लॉटवर विमा. सातबाऱ्यावर आहे त्यापेक्षा जास्त क्षेत्र, आणि जिथं कांद्याची एक काडी लावली नाही तिथं कांद्याचा विमा.

हे पकडायचं कसं, ते समजून घेतलं तर आपलंही राखता येतं. पोर्टलवर अर्ज भरताना सातबाऱ्याचं ऑनलाइन रेकॉर्ड समोर येतं. मग ई-पीक पाहणीत त्या गटावर कोणतं पीक नोंदलं ते जुळवतात. उपग्रहाच्या नकाशावरून त्या भागात खरंच तेवढं पीक उभं होतं का ते बघतात. संशय आला की कृषी विभागाचे आणि कंपनीचे लोक बांधावर येतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यावर पडतात आणि अर्ज कोणत्या केंद्राच्या आयडीवरून भरला हेही नोंद राहतं. त्यामुळं चोर सापडायला अवघड नाही, फक्त कुणीतरी तक्रार करायला पाहिजे.

काहीजण म्हणतात, कंपनीचे पैसे बुडतात, आपलं काय जातं. जातं ना. भरपाई महसूल मंडळाच्या उत्पन्नावर ठरते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पीक कापणी प्रयोग करतात. समजा तुमच्या मंडळाचं उंबरठा उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल आहे आणि प्रयोगात ७ क्विंटल आलं, तर विमा रकमेच्या ३० टक्के भरपाई. आता प्रयोगात कुणी आकडा खालीवर केला तर सगळ्या मंडळाचं कमीजास्त होतं. प्रयोगाच्या दिवशी गावातल्या चार जणांनी तिथं उभं राहावं, त्याला कुणाची मनाई नाही. आपल्याकडं हे होत नाही, सगळे नंतर ओरडतात.

आणि दुसरं, एक रुपयाचा विमा गेला तो याच भानगडीमुळं. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि २०२५ च्या खरिपापासून परत २ टक्क्यांचा नियम आला. त्या खरिपात स्थानिक आपत्तीचा आणि काढणीनंतरच्या नुकसानीचा वेगळा दावाही उरला नाही, फक्त पीक कापणीवर भरपाई. चूक केली बोगसवाल्यांनी, भुर्दंड सेनगाव, कळमनुरीच्या सोयाबीनवाल्याला.

आता अर्जाला फार्मर आयडी आणि ई-पीक पाहणी लागते. विमा एका पिकाचा आणि पाहणीत दुसरंच पीक, असं निघालं तर अर्ज अडकतो. वसमतकडं हळदवाल्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. हळद विम्याच्या पिकांच्या यादीत नाही. ‘काका, सोयाबीन टाकून देतो, कुणी बघत नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तोही बोगस विमाच धरला जातो. बोगस विमा काढणाऱ्याला पाच वर्षं सरकारी योजनांच्या काळ्या यादीत टाकायची तरतूद आहे. शिवाय फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली लागतो, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

बटाईनं करणाऱ्यांची मात्र यात खरी अडचण झाली. विम्याला नोंदणी केलेला भाडेकरार मागतात, आणि आपल्याकडची बटाई सगळी तोंडी. मालक सही द्यायला घाबरतो. माझ्या मते बोगसगिरी रोखायच्या नादात सगळ्यात जास्त हाच माणूस बाहेर फेकला गेला.

आपल्या गटावर दुसऱ्याचा अर्ज दिसला तर केंद्रवाल्याशी भांडत बसू नका. पोर्टलवर काय दिसतं त्याचा फोटो घ्या, ताजा सातबारा काढा आणि १४४४७ या नंबरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. मग तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या. तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती असते, तिथं काम झालं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हा समिती आहे. हे सगळं अर्जाची मुदत संपायच्या आत करा. मुदत गेल्यावर दुसऱ्याचा अर्ज रद्द झाला तरी तुमचा भरता येईलच असं नाही, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट न बघता आधीच जाऊन गट तपासून घ्यावा.